सबीकाची टोपली

लुलवा त्या टाकीला सवत म्हणायची. पाहुण्यांसमोर म्हणायची, बदरच्या तोंडावर म्हणायची, आणि भावाशी फोनवर बोलताना तर मुद्दाम आवाज चढवायची, म्हणजे बैठकीत गुडघे टेकून काच पुसणाऱ्या नवऱ्याला नीट ऐकू जावं. “राशिद, तुझ्या मेहुण्यानं साठी उलटल्यावर दुसरी आणली बरं का! रोज न्हाऊमाखू घालतो तिला. माझ्या चष्म्याची काच कधी पुसली नाही मेल्यानं!”

बदर ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. चौतीस वर्षं गोदीत जहाजांची इंजिनं दुरुस्त करण्यात गेली होती त्याची. त्या खडखडाटात उभं आयुष्य काढलेल्या माणसाला बायकोच्या बोलण्याचं काय एवढं! गंमत अशी की जन्मभर जहाजं दुरुस्त केली, पण स्वतः होडीत पाय ठेवला की ह्याच्या पोटात ढवळायला लागायचं. बहरीनमधल्या मुहर्रकसारख्या गावात, जिथं घरटी एक होडी, तिथं हे म्हणजे तोंड लपवावं असंच दुखणं. तेव्हा बायकोनं सवत म्हटलं काय नि आणखी काय म्हटलं काय, तो आपला काच पुसत राहायचा.

टाकी तशी छोटीच. दोन हात लांब, नव्वद लिटर खाऱ्या पाण्याची. आत दोन दगड, पांढरी वाळू, केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचं एक जोडपं आणि आणखी एक मासा, त्याच्याकडे येऊच आपण. जोडप्यातली मोठी ती बायको आणि लहान तो नवरा, असं दुकानदार मिर्झानं सांगितलं तेव्हा लुलवा पहिल्यांदा टाकीजवळ आली. “म्हणजे अल्लाहनं कुठंतरी न्याय केलाय तर,” म्हणाली, आणि परत स्वयंपाकघरात गेली.

आता ही टाकी आली कशी, ते सांगायला हवं. बदरला माशांचा शौक वगैरे काही नव्हता. मासा म्हणजे भातावर, तळलेला, एवढंच त्याला ठाऊक. टाकी आणली ती आईसाठी. आई म्हणजे सबीका, घरात सगळ्यांची यम्मा, वय वर्षं चौऱ्याऐंशी. तिच्या लहानपणी ह्याच घराच्या उंबऱ्यापर्यंत भरतीचं पाणी यायचं. मग समुद्र बुजवत बुजवत लोकांनी रस्ते केले, दुकानं केली, आणि समुद्र गाडी काढून जावं इतका लांब गेला. सबीकानं तेही सोसलं. पण दोन वर्षांपूर्वी तिची धाकटी बहीण तरफा गेली. शेजारच्याच खोलीत राहायची ती, दिवसभर दोघींची बडबड चालायची. तरफाला पोचवून आल्यावर सबीका जी खुर्चीत बसली, ती भिंतीकडे तोंड करून. बोलणं बंद. विचारलं तर मान हलवायची. डॉक्टर म्हणाले, शरीर ठणठणीत आहे. बदर गोदीतून नुकता निवृत्त झालेला. घरात दोन माणसं बोलणारी आणि एक गप्प. ती शांतता त्याला खायला उठायची.

तेव्हा कोणीतरी सांगितलं, मासे ठेव, म्हाताऱ्या माणसांचं मन रमतं. बदरनं टाकी आणली आणि पहिल्याच महिन्यात दोन मासे मारले. दोष त्याच्या तोऱ्याचा. आपण समुद्राकाठची माणसं, खाऱ्या पाण्याचं आपल्याला कोण शिकवणार! टाकीतलं पाणी उन्हाळ्यात उडून कमी व्हायचं, की हा कॅन भरून समुद्राचं पाणी आणून ओतायचा. मिर्झानं खारटपणा मोजला आणि कपाळावर हात मारला.

“अरे बाबा, उडून जातं ते पाणी. मीठ कुठं उडतं? मीठ तिथंच बसतं तुझ्या माशांच्या उरावर! रोज गोडं पाणी घाल, गोडं. एवढंसं. समुद्राला पाऊस लागतो की नाही?”

“आपल्याकडे कुठं पडतो पाऊस?”

“म्हणूनच आपला समुद्र इतका खारट आहे. माणसंही तशीच,” मिर्झा म्हणाला.

पुढे मिर्झानंच तो तिसरा मासा दिला. बोटाएवढा, तपकिरी, जाड ओठांचा, भुवया वर चढवल्यासारखं थोबाड. दगडाच्या भोकातून नुसतं डोकं बाहेर काढून बसायचा आणि खोलीत कोण येतं, कोण जातं, सगळ्यांकडे रागानं बघायचा. बदरनं आईची खुर्ची भिंतीकडून वळवून टाकीसमोर ठेवली होती, पण ती बघत होती की नाही, कळायला मार्ग नव्हता. एका दुपारी लुलवा कॉफीची किटली घेऊन आली, तर मागून आवाज आला, “ह्याला कोणी जेवायला वाढलं का?”

चार महिन्यांनी! लुलवाच्या हातून किटली सुटली. गालिच्यावर अजून डाग आहे तो. लुलवानं कधी धुऊन काढायचा प्रयत्नही केला नाही, जरी दुसऱ्या कोणी थेंब सांडला असता तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं.

“आमच्या गल्लीत एक नाखवा होता,” सबीका त्या माशाकडे बोट दाखवून म्हणाली. “होडी कधी बंदरातून हलवली नाही, पण सगळ्यांवर ओरडायचा. हा तोच आहे.” तेव्हापासून त्या माशाचं नाव नाखवा पडलं. आणि सबीकाचा बांध फुटला. नाखव्यावरून होड्या निघाल्या, होड्यांवरून मोती काढणारे पाणबुडे, त्यांच्यावरून समुद्राच्या तळाशी असलेले गोड्या पाण्याचे झरे, जिथं ते पाणबुडे चामड्याची पखाल घेऊन बुडी मारत आणि खाऱ्या समुद्राच्या पोटातून प्यायचं पाणी भरून आणत. बदरनं ह्यातलं निम्मंअर्धं कधी ऐकलंच नव्हतं. टाकीत रोज गोडं पाणी घालायचं काम सबीकानं स्वतःकडे घेतलं. काचेवर बदरनं एक ओळ आखली होती. सकाळी नमाज झाला की पेला घेऊन ती उभी राहायची आणि पाणी ओळीला टेकेपर्यंत धार धरायची, एक थेंब बाहेर न सांडता.

बदर रोज सकाळी ते बघायचा, आणि रोज त्याच्या मनात अल्लाहचे आभार मानले जायचे. नव्वद लिटर पाणी आणि बोटाएवढा एक चिडका मासा, त्याच्या बदल्यात आई परत मिळाली, ह्याहून स्वस्त काय असतं? येणाऱ्या-जाणाऱ्याला तो छाती फुगवून सांगायचा, “यम्मा समुद्राकडे जाऊ शकत नाही ना, म्हणून मी समुद्रच तिच्याकडे आणला!”

हे वाक्य पुढे त्याच्या चांगलंच अंगाशी आलं.

हजचा महिना लागला की मुहर्रकमधल्या पोराटोरांची लगबग सुरू होते. खजुरीच्या पात्यांच्या वितभर टोपल्या, त्यात माती, मातीत जव. टोपली दोरीनं खिडकीत टांगायची, रोज पाणी घालायचं, आणि ईदच्या आदल्या दिवशी, अराफाच्या दिवशी, सूर्य मावळायच्या आत गाणी म्हणत समुद्रात सोडून द्यायची. हजला गेलेलं घरचं माणूस सुखरूप परत यावं म्हणून. हिय्या-बिय्या म्हणतात तिला. आता हजला लोक विमानानं जातात आणि फोनवर फोटो पाठवतात, पण टोपल्या अजून सोडतात.

सबीका दर वर्षी पोरांसाठी टोपल्या विणायची. ह्या वर्षी बदरच्या दोन नाती, पण टोपल्या विणल्या तीन. तिसरी टाकीजवळच्या खिडकीत टांगली आणि तिला आधी पाणी घालायची, मग टाकीला.

“यम्मा, ही कुणाची?” लुलवानं विचारलं.

“असू दे. जास्तीची आहे.”

अराफाच्या दिवशी सगळ्यांचे रोजे. दुपारचा नमाज झाल्यावर बदर आणि लुलवा नातींना घेऊन किनाऱ्यावर निघाले. बदरनं आईला दोनदा विचारलं, “चल ना यम्मा, गाडी थेट पाण्यापर्यंत जाते.” ती म्हणाली, गुडघे दुखतात, तुम्ही जा. किनाऱ्यावर जत्रा भरली होती. जरीच्या झग्यांतल्या पोरी, नवे कपडे घातलेली पोरं, आणि पाण्यात जिकडे बघावं तिकडे टोपल्या, माती, जवाची पाती. पाणी गढूळ झालं होतं. नातींना त्यांच्या घरी सोडून दोघं परत आले, तेव्हा रोजा सोडायला थोडाच वेळ उरला होता.

बदर बैठकीत शिरला आणि जागीच थिजला.

टाकीतलं पाणी काळं झालं होतं. वर सबीकाची टोपली तरंगत होती, तिरकी होऊन. तिच्यातली खतमाती खाली सांडत होती. केशरी जोडपं वर येऊन तोंडं उघडझाप करत होतं. नाखव्याचं भोक दिसतच नव्हतं. आणि सबीका खुर्चीत बसली होती, नवा झगा घालून, बाह्या कोपरापर्यंत ओल्या. तिच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, की ते बघून बदर आणखी भडकला.

“हे काय केलंस?” त्यानं टोपली हिसकून बाहेर काढली, गालिच्यावर चिखल सांडत स्वयंपाकघरात नेली आणि कचऱ्याच्या डब्यात आदळली. परत येऊन ओरडला, “यम्मा, मारलंस तू त्यांना! मारलंस!”

सबीकाच्या चेहऱ्यावरचं समाधान विझलं. तिनं ओल्या बाह्या खाली ओढल्या आणि मान वळवून भिंतीकडे बघायला लागली.

बदरला ते दिसलं. ही मान, ही भिंत, हे सगळं त्याच्या ओळखीचं होतं. पण तोंडातून गेलेला शब्द परत कसा ओढायचा? तो हात लटकवून उभा राहिला.

“बाजूला हो,” लुलवा बादली घेऊन आली. “आणि आवाज खाली. समुद्र घरी आणला, समुद्र घरी आणला, अशी दवंडी कोण पिटत होतं? मी? तिनं समुद्रात टोपली सोडली. चुकलं काय तिचं?”

बदरनं घाईघाईनं मिर्झाला फोन लावला, मग आठवलं आणि कापायला गेला. मिर्झा हजला गेला होता. दुकानाला कुलूप.

“अरे, अराफातच्या मैदानात दुआ मागायला उभ्या असलेल्या हाजीला माशासाठी फोन करतोस?” लुलवानं तोंडावर हात ठेवला. तेवढ्यात मिर्झानं उचलला. मागून बसचा आवाज, हजारो माणसांचा कल्लोळ.

“बसमध्ये येऊन बसलोय, सूर्य मावळला की मैदानातून निघायचं,” मिर्झा ओरडून म्हणाला. “बोल, कोण वारलं?”

बदरनं सांगितलं. मिर्झा म्हणाला, “नीट ऐक. तुझ्याकडे तयार पाण्याचा एक कॅन असेल. तो बादलीत ओत, मासे त्यात घाल, हवेचा पंप लाव. दगडही दुसऱ्या बादलीत. वाळू, माती सगळं फेक, टाकी धू, साबण लावू नकोस. नवीन पाणी समुद्राचं आण, पण किनाऱ्याचं नको, आज तिथं सगळं गाव चिखल करतंय. खोल पाण्यातलं आण, गाळून घे. आणि आपला समुद्र तुझ्या टाकीपेक्षा खारट आहे, विसरू नकोस! पाच भाग समुद्राला एक भाग गोडं. मोजून!”

“मिर्झा, माफ कर, अशा दिवशी...”

“अरे, दिवसभर सगळ्यांसाठी दुआ मागितली. आता तुझ्या नाखव्यासाठीही मागतो. बसमध्ये दुसरं काम तरी काय आहे?”

सूर्य मावळला, मगरिबची बांग झाली. उभ्या उभ्या दोघांनी एकेक खजूर तोंडात टाकला, ताक प्यायलं. लुलवानं सासूच्या हातातही खजूर दिला. सबीकानं तो हातातच धरून ठेवला. केशरी जोडपं जाळीत लगेच सापडलं. नाखवा काही सापडेना. दोन्ही दगड उचलून बादलीत ठेवले, वाळू चाळली. कुठंच नाही.

खोल पाण्यातलं पाणी आणायचं म्हणजे होडी हवी. होडी होती राशिदकडे. बदर किल्ल्या शोधायला लागला, तशी लुलवा म्हणाली, “तू कुठं निघालास? तुला धक्क्यावरच ओकारी येते. तू बादल्या सांभाळ. आणि दुसरंही काय सांभाळायचंय, ते तुला कळतंय.” तिनं सासूकडे डोळ्यांनी खूण केली, चार रिकामे कॅन उचलले, स्वयंपाकघरात डोकावली आणि गेली.

सवतीसाठी चालली आहे ही, बदरच्या मनात आलं, आणि त्याला हसू आलं नाही.

बादल्यांत पंप बुडबुडत होते. तो आईच्या पायाशी जमिनीवर बसला.

“यम्मा, चुकलं माझं. खजूर खा.”

खजूर तिच्या मुठीत तसाच होता.

“मला ओरडायला नको होतं. जीभ घसरली.”

बदरला वाटलं, संपलं सगळं, आता पुन्हा कोण बोलतं करणार हिला? मग सबीका भिंतीकडेच बघत बोलली. “तू म्हणालास, मारलंस. बरोबर म्हणालास. दुसऱ्यांदा मारलं मी.”

“दुसऱ्यांदा म्हणजे?”

“मी सात वर्षांची होते. बाबा हजला गेले. तेव्हा आधी गलबत, मग वाळवंटातून लॉरी, महिने लागायचे. आईनं मला टोपली करून दिली. बदर, काय हिरवे जव आले होते रे त्या वर्षी! अख्ख्या गल्लीत माझी टोपली सरस. अराफाच्या दिवशी सगळ्या पोरी पाण्यात उभ्या राहिल्या, सोडल्या टोपल्या. मला सोडवेना. ओढणीखाली लपवली मी, आणि रिकामाच हात पाण्याकडे झटकला. कोणाला कळलं नाही. गच्चीवर ठेवली. गुपचूप पाणी घालायची. मग गलबत परत आलं. एकेक करून सगळे उतरले. बाबा उतरले नाहीत. ताप आला म्हणे, तिकडेच पुरलं. लोक म्हणाले, केवढं भाग्य, अशा जागी मरण आलं. मी गच्चीवर गेले, तर टोपली अजून हिरवीच होती.”

आजोबांचं मक्केत निधन झालं, एवढंच बदरला माहीत होतं. घरात ते अभिमानानं सांगायचे.

“कोणाला सांगितलंस हे?”

“तरफाला नाही, तुझ्या बापाला नाही. सत्त्याहत्तर वर्षं झाली. ह्या वर्षी वाटलं, आता माझेही दिवस भरत आले. बाबा भेटले तर काय तोंड दाखवू? समुद्रापर्यंत चालवत नाही, आणि गेले असते तरी पोरांत म्हातारी टोपली घेऊन आली म्हणून लोक हसले असते. तू म्हणालास ना, घरी समुद्र आणलाय.”

सात वर्षांच्या पोरीनं जे उरात दाबून ठेवलं, त्यावरच बदरनं आज नेमकं बोट रोवलं होतं. आणि ती टोपली? ती त्यानं कचऱ्यात टाकली होती. तो धडपडत उठला, स्वयंपाकघरात जाऊन डबा उलटा केला. कांद्याची सालं, माशाचे काटे. टोपली नव्हती. त्यानं लुलवाला फोन लावला.

“लुलवा, यम्माची टोपली...”

“शोधू नकोस. माझ्या मांडीवर आहे,” वाऱ्यातून लुलवाचा आवाज आला. “आईच्या हातची टोपली काट्यांत टाकतोस? म्हटलं, समुद्रावर चाललेच आहे, तर हिला पोचवते. सूर्य मावळला म्हणून काय झालं?”

“अजून सोडली नाहीस ना?”

“नाही. आत्ता पोचलोय खोल पाण्यात. कॅन भरतोय राशिद.”

“थांब मग. यम्माला बोलायचंय.”

“माझ्याशी?”

“समुद्राशी.”

लुलवा काही विचारेल असं बदरला वाटलं होतं. तिनं विचारलं नाही. नुसतं म्हणाली, “राशिद, इंजिन बंद कर.” मग फोनमधून फक्त पाण्याचा आवाज यायला लागला, लाकडाला थापट्या मारणाऱ्या लाटांचा. बदरनं फोन आईच्या तोंडाशी धरला. सबीका त्या आवाजाकडे कान देऊन बसली.

“बाबा,” ती म्हणाली, “मी सबीका. तुमची टोपली माझ्यापाशीच राहिली होती. फार हिरवी होती, म्हणून ठेवली. रागावू नका. आता पाठवली आहे, घ्या.” मग घरी आलेल्या माणसाला ख्यालीखुशाली सांगावी तसं सांगायला लागली. “आमचं सगळं नीट झालं हो. आईनं दोघींना वाढवलं, उपाशी ठेवलं नाही. तरफाला पाच मुलं झाली. मला एकच, पण बरा आहे. ओरडतो कधीकधी. सून मात्र लाखात एक मिळाली. नातवंडं-पतवंडं आहेत. समुद्र लांब गेला, पण थोडा घरात आहे, मी रोज त्याला पाणी घालते. माझी काही तक्रार नाही. अल्लाहनं पदर भरून दिलं. एवढंच सांगायचं होतं.”

फोनमधून ‘डुबुक’ असा बारीक आवाज आला. आणि मग लुलवाचा, नाकातून. “गेली, यम्मा. तरंगत तरंगत गेली. जव अजून हिरवे दिसतायत.”

सबीकानं हातातला खजूर तोंडात टाकला.

रात्रीची, इशाची बांग झाल्यावर बहीणभाऊ चार कॅन घेऊन आले. लुलवाचे डोळे लाल होते, पण तोंड नेहमीसारखंच चालू होतं. “पाणी गाळायला फडकं दे. जुनं नको, बारीक विणीचं दे.” आणि बदरनं काही द्यायच्या आत तिनं खुंटीवरचा त्याचा ईदचा कोराकरकरीत पांढरा रुमाल ओढला, जो तो उद्या डोक्याला बांधून नमाजाला जाणार होता. “अगं, तो...” “काय अगं? सवतीला जुनं नेसवू का?” राशिद दाराशी उभा राहून पोट धरून हसला.

गोडं पाणी सबीकानं मोजलं. कोणाला हात लावू दिला नाही. पाच तांबे समुद्राचे झाले की एक तांब्या गोड्याचा, बोटांवर मोजत, ओठ हलवत. टाकी भरली. दगड ठेवले. केशरी जोडपं सोडलं, ते एका कोपऱ्यात अंग चोरून राहिलं. नाखव्याचं भोक रिकामं होतं.

“तो गेला का?” सबीकानं विचारलं.

“दगडातच असेल कुठंतरी,” बदर म्हणाला. त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास नव्हता.

ईदच्या सकाळी बदर जुना रुमाल बांधून नमाजाला गेला. मशिदीत रांगेत उभा होता, पण डोळ्यांसमोर ते रिकामं भोक. परत आला तर घरात गोड शेवयांचा आणि त्यांवर घालायच्या अंड्याच्या आमलेटचा वास, दारात चपलांचा ढीग. लुलवाच्या बहिणी आल्या होत्या, आणि ती त्यांना टाकीसमोर उभं करून सांगत होती, “ही माझी सवत. काल रात्री हिच्यासाठी मी समुद्रावर गेले होते. हसा, हसा! तुमच्या सवती काय कामाच्या? माझीनं सासूला बोलतं केलं.”

सबीका खुर्चीत नव्हती. ती टाकीच्या काचेला नाक लावून उभी होती.

“यम्मा?”

तिनं हळूच हात वर करून त्याला गप्प केलं. दगडाच्या भोकात काहीतरी हललं. आधी एक जाड ओठ, मग चढलेल्या भुवया, मग सगळं रागीट डोकं बाहेर आलं आणि जमलेल्या बायकांकडे, बदरकडे, सगळ्या खोलीकडे बघून घेतलं. दगडाच्या आत खोल कुठंतरी दडून बसला होता बेटा.

बदर आईच्या शेजारी खाली बसला. सबीकानं काचेवर बोट टेकवून मोजलं. एक, दोन, तीन. पुन्हा मोजलं.

“सगळे आहेत?” तिनं विचारलं.

“सगळे आहेत.”

“कोणी मेलं नाही?”

“कोणी नाही, यम्मा.” बदरनं तिचा हात धरला आणि कपाळाला लावला. “तुझ्यामुळे कोणी मेलं नाही. तेव्हाही नाही.”

सबीकानं डोळे पुसले, काचेवरची ओळ बघितली आणि म्हणाली, “माझा पेला आण. पाणी खाली गेलंय.”